मूळ बिल हातातून सोडू नकोस

वेंगुर्ला

चि. सईस अनेक आशीर्वाद.

तू काजूगरांचे नमुने घेऊन दुबईला जायला मोपा विमानतळावर निघालीस तेव्हा आजी पडवीत होती आणि मी मुद्दाम आत राहिले. काल रात्री जेवताना मी बोलले ते बोलायला नको होतं. बोटांत धरून काजूगराची तीनशेवीस आणि दोनशेचाळीस प्रत ओळखणाऱ्या मुलीला "तुला धंद्यातलं काय कळतं" असं कोणी विचारतं का? पण खरेदीदाराला साठ दिवसांची उधारी हे शब्द कानावर पडले आणि माझा तोल गेला. त्या विषयावर आता काही लिहिणार नाही.

इकडची काळजी करू नकोस. ऑर्डर पक्की झाली की माल मी आणि दादा भरू. वीस फुटी कंटेनरात ७०० पेट्या, पेटीत ११.३४ किलोचे दोन डबे, म्हणजे जवळजवळ सोळा टन. कंटेनर आला की मी आत उभी राहते आणि दादा बाहेरून दारं लावतो. काळोखात छताला सुईएवढा उजेड दिसला तरी तो कंटेनर परत. मग फळ्यांचा वास घ्यायचा, कारण आधी रसायन किंवा मसाला गेलेला असेल तर काजूगर तो वास धरतात आणि मग तो काही केल्या जात नाही. गरांतला ओलावा पाच टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर गर नरम पडतात आणि बुरशी येते. दिवसा तापलेला कंटेनर रात्री समुद्रावर गार झाला की छताखाली पाणी सुटतं आणि वरच्या पेट्यांवर टपकतं. म्हणून क्राफ्ट कागद आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टाकल्याशिवाय मी दार बंद करू देत नाही. तू नेलेल्या प्रत्येक नमुन्याची जोडी इथे तारीख घालून सीलबंद ठेवली आहे. उद्या कोणी म्हणालं की दाखवला एक आणि पाठवला दुसरा, तर उघडून दाखवायला काहीतरी हवं.

आता तुझ्या बाजूचं. न्हावा शेव्याहून दुबईच्या जेबेल अली बंदरात जहाज चार-पाच दिवसांत पोचतं. बँकेतून मालाचे कागद, म्हणजे ज्यावर तिकडे माल सुटतो ते जहाज कंपनीचं मूळ बिल (बिल ऑफ लेडिंग) वगैरे, जायला त्याहून जास्त दिवस लागतात. शेजारच्या बंदराशी व्यापार करताना खरी मेख इथेच आहे. माल आधी पोचतो, कागद मागे राहतात, आणि मग फोन येतो, "बंदरात भाडं चढतंय, बिल सरेंडर करून टाका, पैसे उद्या घालतो." सरेंडर म्हणजे मूळ बिल आपणच इथे जहाज कंपनीला परत द्यायचं, मग तिकडे त्याच्याशिवाय माल सुटतो. बाबांनी त्या वर्षी सरेंडर केलं होतं. पुढचं तुला माहीत आहे.

बघ, आलेच त्या विषयावर. पण एकदा नीट ऐकून घे. बिल ऑफ लेडिंगच्या तीन मूळ प्रती निघतात आणि तिघींपैकी कुठल्याही एकीवर माल सुटतो. एलसीच्या, म्हणजे खरेदीदाराची बँक पैशांची हमी देते त्या पत्राच्या, मसुद्यात "एक मूळ प्रत थेट खरेदीदारास" अशी अट हळूच घातलेली असते. ती खोडून घे. बुकिंग करतानाच तिकडच्या बंदरात १४ दिवस बिनभाड्याचे मागून घे, म्हणजे भाड्याची भीती कोणी घालणार नाही. एलसी नको म्हणत असतील तर तीस टक्के आगाऊ, उरलेले बिलाची स्कॅन प्रत पाहून, आणि रक्कम आपल्या खात्यात दिसली की मगच सरेंडर. बँकेच्या पावतीचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. एलसी असेल तर कागदांवर नाव-पत्ता त्यात आहे तसाच अक्षर न् अक्षर घाल, कागद शिपमेंटनंतर २१ दिवसांत बँकेत हवेत.

फार शिकवते आहे, रागावू नकोस. टेबलाच्या टोकाशी बसून पाकळी वेगळी, तुकडा वेगळा करायचीस, चिकाने बोटं पोळायची म्हणून आजी खोबरेल लावायची, आणि तू तेवढ्यातही मोजत राहायचीस. ती सात वर्षांची पोर आज एकटी दुबईच्या बाजारात बसून भाव करते आहे. मस्कत, मग कोलंबो असं तू म्हणालीस तेव्हा मी गप्प राहिले, पण छाती भरून आली होती.

एक राहिलं. अमिरातीशी १ मे २०२२ पासून व्यापार करार लागू आहे, त्यातल्या आयात शुल्काच्या सवलतीसाठी मूळ-देशाचा दाखला लागतो. आफ्रिकेतली बी आणून इथे फोडलेले गर त्या नियमात बसतात का, ते आधी विचारून घे. तोवर इथल्या बीचा आणि आयात बीचा हिशेब मी वेगळाच ठेवते.

आणि साठ दिवस द्यायचेच असतील तर दे. रात्रभर विचार केला, तुझंही बरोबर आहे, रोख मागत बसलं तर शेजारी दुसऱ्याकडे जातो. पण माल चढायच्या आधी ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा आणि त्या खरेदीदाराची उधारीची मर्यादा मंजूर करून घे. नंतर काढलेल्या विम्याचा उपयोग नाही. त्याचा व्यापार परवाना स्वतः बघ, मुदत तपास.

आजी सकाळपासून तीनदा विचारून गेली, "जेवलंस काय गो?" तिला फोन कर. आणि ती एका प्रतीची अट उडवलीस की मला कळव, कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई