शिक्षण परिषदेतला एक तास वाचनाला द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नवोपक्रम स्पर्धेचे पत्रक आले की शाळाशाळांत अहवाल लिहिण्याची लगबग सुरू होते. त्यातून चांगले उपक्रम पुढे येतात, ते मी पाहिले आहेत. पण वर्गात नवे काही घडायचे तर आधी शिक्षकाला नवे काही वाचायला, बोलायला मिळाले पाहिजे. त्याची सोय कुठेच नाही. म्हणून माझी मागणी आहे की, दर महिन्याच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या (केंद्रातल्या) शिक्षकांच्या बैठकीतला, एक तास शिक्षकांच्या वाचनासाठी राखून ठेवावा.

आज परिषदेची दुपार कशात जाते? युडायसच्या (शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीच्या) राहिलेल्या नोंदी, आधारची जुळणी, पोषण आहाराचे आकडे. यात केंद्रप्रमुखांचा दोष नाही. त्यांच्याकडेही वरून माहिती ‘आजच्या आज’ मागितलेली असते.

आम्ही काही शिक्षिका शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर एकत्र वाचतो. सुरुवात गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ने केली. भावनगरच्या बालमंदिरात बरीच वर्षे घालवलेल्या या माणसाने त्यात एका शिक्षकाची गोष्ट सांगितली आहे. तो प्रयोगासाठी चौथीचा वर्ग वर्षभर मागून घेतो आणि गोंगाट करणाऱ्या मुलांना आधी गोष्टी सांगू लागतो. साहेबांना परीक्षेची काळजी, सहकाऱ्यांच्या शंकाकुशंका, सगळे त्यात आहे. पुस्तक १९३०च्या दशकातले, पण आमच्यातली प्रत्येक जण वाचताना ‘अगदी असंच होतं’ म्हणत होती.

मग जॉन होल्ट या अमेरिकी शिक्षकाच्या पाचवीच्या वर्गातल्या नोंदी वाचल्या. त्यांचे पुस्तक १९६४ मध्ये आले. इंग्रजी आमच्यातल्या सगळ्यांना झेपत नाही, म्हणून एकीने वाचायचे आणि मराठीतून सांगायचे. उत्तर चुकले तरी त्यामागे मुलाचा काहीतरी विचार असतो, तो शोधा, हे त्या नोंदींतून मनात बसले. त्याच आठवड्यात तिसरीतल्या एका मुलाने ५२ वजा ३८ बरोबर २६ लिहिले. मी विचारले, “कसं काढलंस?” तो म्हणाला, “दोनातून आठ जात नाहीत बाई, म्हणून आठातून दोन काढले.” नुसती फुली मारली असती तर हे मला कळलेच नसते. त्याच्यापुढे काड्यांचे दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवल्या, म्हटले, “यातल्या अडतीस मला दे.” तीन गठ्ठे त्याने लगेच दिले. मग हातातल्या दोन सुट्या काड्यांकडे बघत बसला, आणि कोणी न सांगता एका गठ्ठ्याचे रबर सोडले. हातचा त्याला तिथे समजला.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने (२०२०) प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. माझ्या वाट्याला आलेले बरेचसे तास मोबाइलवर चित्रफिती पाहण्यात, प्रश्नावली सोडवण्यात आणि प्रमाणपत्र उतरवून घेण्यात गेले. एकत्र वाचून, चर्चा करून घालवलेला तासही त्यात का धरू नये?

पुस्तकांसाठी केंद्रशाळेत एक कपाट पुरेल. ग्रंथालय अनुदानातून मुलांची पुस्तके येतात, ती यायलाच हवीत; शिक्षकांच्या कपाटासाठी वेगळी थोडी तरतूद करावी. आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी झटलेल्या अनुताई वाघांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ त्यात हवेच. लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले, त्या अनुभवांवर भरभरून लिहिले. आमच्याच जिल्ह्यातले हे काम, पण नव्याने रुजू झालेल्या कित्येक शिक्षकांच्या ते कानावरही आलेले नाही. पुण्याहून निघणाऱ्या ‘पालकनीती’ मासिकाचे अंकही ठेवावेत.

‘शिक्षक वाचत नाहीत’ असे सर्रास बोलले जाते. दोन शिक्षकांवर चार इयत्ता, वर ऑनलाइन कामे, अशा शाळेत वाचनाला वेळ काढून द्यावाच लागेल. तो सक्तीच्या रजिस्टरातून निघणार नाही. म्हणून शिक्षण विभागाला विनंती आहे की, हा तास सुरू केला तर त्याचा अहवाल आणि फोटो मागू नयेत. पुस्तकातले काय वर्गात करून पाहिले आणि काय जमले नाही, एवढे पुढच्या परिषदेत आम्ही एकमेकांना सांगू.

– एक प्राथमिक शिक्षिका, ता. आजरा, जि. कोल्हापूर