स्टीलच्या संरक्षक पट्ट्यांमुळे पिकअपचा पत्रा गंजल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : दरवाजे, हौद्याच्या बाजू व फाळक्यावर बसवलेल्या स्टेनलेस स्टीलच्या प्लेटा काढून घेऊन नुकसान भरून देण्याबाबत

महोदय,

मी रत्नागिरीत राहतो आणि मिरकरवाडा बंदरावरून मासळीची वाहतूक करतो. गाडी माझीच, चालवतोही मीच. जुलै २०२४ मध्ये, मासेमारी बंद असल्याने गाडी दारात उभी होती, तेव्हा तुमच्या रत्नागिरीतल्या अधिकृत फिटरकडून या प्लेटा बसवून घेतल्या. मजुरीसह १८,५०० रुपये दिले. मासळीचे टप चढवता-उतरवताना पत्र्याला पोचे पडतात, रंग खरवडतो, म्हणून हा खर्च केला. "आता पत्र्याची काळजी सोडा," असं फिटरने सांगितलं होतं.

या सप्टेंबरात डाव्या दरवाज्याच्या खालच्या कडेला रंग फुगलेला दिसला. बोट दाबलं तर आत गेलं. डेंटरकडे नेऊन प्लेट उतरवली, तेव्हा मागे ओला गाळ, मासळीचे खवले आणि तांबडा गंज निघाला. प्रत्येक स्क्रूभोवती रुपयाएवढा पत्रा खाल्लेला होता. तुमची प्लेट मात्र पुसल्यावर नव्यासारखी चकाकत होती. ते पाहून मला फार वाईट वाटलं, कारण गाडीचे हप्ते अजून चालू आहेत.

हा गंज कोकणच्या हवेचा आहे असं उत्तर तुमच्या फिटरने फोनवर दिलं. ते मला मान्य नाही. हौद्याच्या पुढच्या भागाला प्लेट नाही, तिथेही तेच खारं पाणी गळतं, आणि तिथला रंग शाबूत आहे. भोकं पाडल्यावर उघड्या पडलेल्या कडांना प्रायमरचा एक हातसुद्धा दिलेला नाही. स्क्रूखाली नायलॉनचा वायसर नाही, प्लेट आणि पत्रा यांच्यामध्ये रबर किंवा सीलंट नाही. स्टेनलेस स्टील आणि साधा लोखंडी पत्रा एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात राहिले की झिजतो तो साधा पत्रा. त्यात प्लेट मोठी आणि उघडं लोखंड भोकाच्या कडेपुरतं, म्हणजे सगळा मारा त्या एवढ्याशा कडेवर. बंदरावर हे नवीन नाही. नौकेच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावतात ते एवढ्यासाठीच, की झिजायचं तर जस्ताने झिजावं. बर्फाचं पाणी दिवसभर गळणाऱ्या गाडीवर काम करणाऱ्याला हे ठाऊक असायलाच हवं.

दुसरी चूक त्याहून मोठी आहे. दरवाज्यात काचेच्या फटीतून पावसाचं पाणी उतरतं, ते बाहेर जायला खालच्या कडेला कंपनीने भोकं ठेवलेली असतात. तुमच्या फिटरने प्लेट खाली वळवून दरवाज्याच्या कडेवर दुमडली आणि ती भोकं बुजवली. दोन पावसाळे पाणी आतच साचलं. गेल्या जूनमध्ये ब्रेक मारला की दरवाज्यातून पाण्याचा आवाज यायचा. मी तेव्हाच फिटरकडे गेलो होतो, त्याने प्लेट न उतरवता "वाळेल" म्हणून परत पाठवलं. तेव्हा प्लेट उतरवली असती तर दरवाजा वाचला असता.

डेंटरच्या अंदाजाप्रमाणे दोन्ही दरवाज्यांचा खालचा पत्रा कापून नवा घालणं, फाळक्याचं वेल्डिंग आणि रंग मिळून २६,००० रुपये खर्च आहे. शिवाय चार दिवस गाडी बंद राहील, म्हणजे ऐन हंगामात भाडी बुडतील. प्लेटांची पूर्ण किंमत परत करावी आणि दुरुस्तीचा खर्च द्यावा, अशी माझी मागणी आहे. प्लेटा, स्क्रू, गंजलेल्या पत्र्याचे फोटो, मूळ पावती आणि डेंटरचा लेखी अंदाज माझ्याकडे आहे. तुमच्या माणसाने येऊन पाहावं. तोवर उजव्या दरवाज्याची प्लेट मी मुद्दाम तशीच ठेवली आहे.

माझ्या ओळखीच्या आणखी तिघांनी बंदरावर याच प्लेटा याच फिटरकडून बसवल्या आहेत. त्यांच्या गाड्या या महिन्यातच उघडून तपासा आणि पाण्याची भोकं मोकळी करा. माझा पत्रा गेला, त्यांचा अजून वाचू शकतो.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. या गाडीवरच माझं घर चालतं, हे तिथेही सांगेन.

आपला,
एक ग्राहक
(नाव व गाडीचा क्रमांक सोबतच्या पावतीच्या प्रतीवर आहे)