टीएसएच वाढला म्हणून घाबरू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

दादाने आईचा रिपोर्ट पाठवला. टीएसएच वाढलाय म्हणजे थायरॉईड जास्त झालं, असं बाबांनी धरलंय. आहे नेमकं उलटं. टीएसएच म्हणजे थायरॉईडला कामाला लावणारं संप्रेरक, आणि ते बनवते मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी. गळ्यातली थायरॉईड कमी काम करू लागली की पियुषिका टीएसएच वाढवून तिच्या मागे लागते. हाकेला ओ आली नाही की आईचा आवाज चढतो, तस्सं. पियुषिकेच्याही वर तिला हुकूम सोडणारा मेंदूचा भाग, हायपोथॅलॅमस, बसलेला असतो. रक्तात थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड बनवते ते संप्रेरक, पुरेसं झालं की दोघंही शांत होतात. गोळीतही थायरॉक्सिनच असतं, तिने टीएसएच खाली येतो तो असा.

आई, थकवा, थंडी वाजणं, केस गळणं हे सगळं यातलंच. आणि विसरभोळेपणाचं म्हणशील, तर थायरॉक्सिन कमी पडलं की डोकंही मंद चालतं. डॉक्टरांनीही तेच सांगितलंय ना? मग रात्र रात्र जागून भलते विचार करू नकोस. गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. नंतर अर्धा-पाऊण तास काही नको. कॅल्शियमची गोळी चार तासांनी, नाहीतर ती थायरॉईडची गोळी शोषूच देत नाही. आणि घाई नको. चटका बसला की हात क्षणात मागे येतो, कारण तो निरोप नसांमधून जातो. जलद नसांत त्याचा वेग सेकंदाला शंभर मीटरपर्यंत असतो. थायरॉक्सिनचं काम संथ. रक्तातलं ते निम्मं व्हायलाच सुमारे 7 दिवस लागतात, म्हणून पुन्हा तपासणी 6 ते 8 आठवड्यांनी. आठवड्यात फरक नाही म्हणून मनानेच गोळी बंद करायची नाही.

आता त्या दिव्याबद्दल. व्हिडिओवर माझ्यामागे पांढरा लख्ख दिवा पाहून बाबांना वाटलं मी रात्रभर काम करते. इथे हिवाळ्यात सूर्य नऊनंतर उगवतो आणि तीनला मावळतो, म्हणून लोक सकाळी उठून अशा दिव्यासमोर अर्धा तास चक्क बसून राहतात. ऑफिसातही एक ठेवलाय. त्याच्यापुढे साहेब आणि शिपाई शेजारी-शेजारी, कोणी कोणाशी बोलत नाही! मला आधी हे खूळ वाटलं होतं. पण डोळ्याच्या पडद्यात काही पेशी फक्त उजेड किती आहे एवढंच मोजतात आणि हायपोथॅलॅमसमधल्या घड्याळाला कळवतात. हे घड्याळ आपलं आपण चालू दिलं तर बहुतेकांचं 24 तासांहून थोडं मागे पडतं. रोज सकाळचा उजेड ते जुळवतो. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन हे झोपेची वेळ कळवणारं संप्रेरक सोडते, उजेडात थांबते. म्हणून हा दहा हजार लक्सचा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) दिवा, आणि तोही सकाळीच. रात्री लावला तर झोपेचं खोबरं. दिव्याकडे टक लावून बघायचं नसतं, नुसता समोर ठेवायचा. तेव्हा मी झोपते. व्यवस्थित झोपते. डोळे सुजलेले दिसतात ते कॅमेऱ्यामुळे.

एवढं मात्र खरं, अवेळी दादाचं नाव फोनवर दिसलं की काळजात धस्स होतं. मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी ॲड्रिनालिन सोडतात, बाकी काही नाही. दादा 'सगळं ठीक' म्हणाला की थोड्या वेळाने ओसरतं. तरी दादा, आईला काही झालं तर वेळ बघू नकोस, लगेच फोन कर.

पैसे दादाच्या खात्यात टाकलेत. तपासण्या, औषधं सगळं त्यातूनच. बाबा, एफडी मोडू नका, माझी ओढाताण होत नाहीये. त्या स्थळाचं म्हणाल तर मुलाशी बोलले, माणूस बरा वाटला. पण मे महिन्यात रजा मिळणार नाही. मागच्या वर्षीही हेच लिहिलं होतं, माहीत आहे मला. आईचा पुढचा रिपोर्ट येईपर्यंत त्यांना तारीख देऊ नका. फार घाई असेल तर मुलाला माझा नंबर द्या, मीच बोलेन.

तुमची,
धाकटी