कागदोपत्री तुझी दोन नावे

पुणे

चि. सौ. ताईस अनेक आशीर्वाद.

मागच्या रविवारी फोनवर मी मृत्युपत्राचा विषय काढला आणि तू तो थांबवलास. तुला ते ऐकवत नाही, हे मला समजते; पण मी आता ७२ वर्षांचा आहे, तू सॅन होजेला राहतेस, अमेरिकेची नागरिक आहेस, आणि माझ्या पश्चात इथली प्रत्येक कचेरी तुझ्याकडे परदेशस्थ वारस म्हणूनच पाहणार आहे. म्हणून जे बोलून झाले नाही ते लिहून पाठवतो.

सर्वांत अवघड बाब तुझ्या नावाची आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव आहे, तर पासपोर्टवर आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीला भारत सरकार देते ते कार्ड) सासरचे, तेही वडिलांचे नाव गाळून. तुझ्या काकांचे सातबाऱ्यावर घरचे नाव होते आणि बँकेत शाळेतले. तेवढ्या फरकापायी काकूंना दोन वर्षे खेटे घालावे लागले, आणि त्यातल्या बहुतेक खेपांना मी त्यांच्यासोबत होतो. ते तुझ्या वाट्याला येऊ नये म्हणून मी मृत्युपत्रात तुझी दोन्ही नावे ‘ऊर्फ’ घालून लिहिली आहेत. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र तू तिथे नोटरीसमोर करून घे आणि त्यावर तुमच्या राज्याच्या राजधानीतून, सॅक्रामेंटोहून, अपोस्टिल घे, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकार लावते तो दाखला. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात असल्यामुळे ते इथे ग्राह्य धरले जाते.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, दोघेही वयाने माझ्याहून बरेच लहान. नोंदणी सक्तीची नसली तरी मी ती दुय्यम निबंधकांकडे करून घेतली. बँकेत आणि सोसायटीत तुझे नामनिर्देशन आहे, पण तेवढ्याने मालकी मिळते असे समजू नकोस. नामनिर्देशित व्यक्ती वारसांच्या वतीने मालमत्ता सांभाळते इतकेच. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले.

मी तुला दिलेले कुलमुखत्यारपत्र, म्हणजे माझ्या वतीने सही करण्याचा अधिकार (पॉवर ऑफ अॅटर्नी), माझ्या मृत्यूबरोबर संपेल, त्यानंतर त्यावर एकही सही करू नकोस. पुढच्या कामांसाठी तुला स्वतःचे कुलमुखत्यारपत्र दादाच्या नावे करावे लागेल, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागेल. ही मुदत अनेकांच्या ध्यानात राहत नाही, म्हणून दादालाही मी वेगळे सांगून ठेवले आहे.

कराबाबत दोन्ही देशांची रीत वेगळी आहे. आपल्याकडे इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये रद्द झाली, त्यामुळे वारसा मिळाल्याबद्दल कर नाही. मात्र फ्लॅट विकलास तर भांडवली नफा मोजताना आम्ही दिलेली मूळ किंमत किंवा, घर जुने असल्यामुळे, १ एप्रिल २००१ रोजीची किंमत धरता येते. त्या तारखेचा मूल्यांकन अहवाल मी निळ्या फाइलमध्ये लावला आहे. अमेरिकेत मात्र मृत्यूच्या दिवशीची बाजारभावाने किंमत धरतात, म्हणून दादाने त्या तारखेचे मूल्यांकन लगेच करून घ्यावे. वर्षे उलटल्यावर ते जमवणे कठीण जाते. परदेशी व्यक्तीकडून एक लाख डॉलरपेक्षा अधिक वारसा आला तर तुला ३५२० क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यावर कर नसतो, पण तो चुकला तर दंड रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. माझ्या बचत खात्यावर तुझे नाव मी जोडले नाही, याचे तुला वाईट वाटले होते. त्याचे कारण एवढेच, की परदेशातील खात्यांची एकूण रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की तुला ती तिकडे दरवर्षी कळवावी लागते.

विक्रीचे पैसे तुझ्या एनआरओ खात्यात (परदेशस्थांचे भारतातील रुपया खाते) येतील आणि तिथून आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत तुला तिकडे नेता येतील. ते खाते तू अजून उघडलेले नाहीस. दिवाळीला येशील तेव्हा पासपोर्ट, ओसीआय कार्ड आणि लग्नाचा मूळ दाखला सोबत आण, आपण दोघे बँकेत जाऊन ते काम करू.

तुझा,
बाबा