कॅथरिन कॉर्नेल राहून गेल्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी अभिनेत्रींवरचा लेख आवडला. पण त्यातली सगळी नावं सिनेमातली. रंगभूमी गाजवणाऱ्या अभिनेत्री कॅथरिन कॉर्नेल यांचा उल्लेखही नाही, याची चुटपुट लागली म्हणून हे पत्र.

कॉर्नेलबाईंचा जन्म १८९३चा, बर्लिनमधला. वाढल्या मात्र अमेरिकेत, बफेलोला. १९२१ साली दिग्दर्शक गथ्री मॅक्लिंटिक यांच्याशी लग्न झालं आणि पुढे बाईंची बहुतेक नाटकं मॅक्लिंटिक यांनीच बसवली. १९३१ मध्ये बाईंनी स्वतः निर्मिती करून ‘द बॅरेट्स ऑफ विम्पोल स्ट्रीट’ रंगमंचावर आणलं. आजारी कवयित्री एलिझाबेथ बॅरेट, तिचा जाचक बाप आणि तिला घराबाहेर नेणारा प्रियकर, असं हे नाटक. अनेक निर्मात्यांनी ते आधी नाकारलं होतं. बाईंनी न्यूयॉर्कमध्येच त्याचे ३७० प्रयोग केले. हॉलिवूडने याच नाटकावर सिनेमा काढायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी नकार दिला आणि ती भूमिका नॉर्मा शिअरर यांनी केली.

सिनेमा नाकारून बाई दौऱ्यावर निघाल्या. १९३३-३४चा काळ, मंदीने लोक पिचलेले. तीन नाटकं, सगळं सामान आणि मंडळी रेल्वेने घेऊन सात महिन्यांत त्यांनी २२५ प्रयोग केले, जवळजवळ १७ हजार मैल फिरून. पुढे सिनेदिग्दर्शक म्हणून गाजलेला ऑर्सन वेल्स, तेव्हा अठरा वर्षांचा, त्यांच्या कंपनीत होता.

२५ डिसेंबर १९३३ची रात्र मला सगळ्यात जवळची वाटते. सिएटलला प्रयोग होता आणि पुराने रेल्वेमार्ग ठिकठिकाणी उखडलेला. गाडी पोहोचली ती रात्री सव्वाअकराला. आता प्रयोग कसला, असं म्हणत मंडळी थिएटरवर आली, तर प्रेक्षक बसून होते! नाताळची रात्र असूनही कोणी घरी गेलं नव्हतं. मग पडदा उघडा ठेवूनच नेपथ्य लावायला घेतलं, ते लोकांनी समोर बसून पाहिलं. रात्री एक वाजून गेल्यावर नाटक सुरू झालं आणि पहाटे संपलं.

आमच्या कणकवलीलाही एकदा मुंबईची नाटकाची बस घाटात अडकली होती. आम्ही तीन तास खुर्च्या सोडल्या नाहीत. त्यामुळे सिएटलचे ते लोक मला अगदी ओळखीचे वाटतात.

दुसऱ्या महायुद्धात ‘द बॅरेट्स ऑफ विम्पोल स्ट्रीट’ हेच नाटक घेऊन त्या इटलीत सैनिकांपुढे गेल्या. सैनिक कंटाळतील, काही हलकंफुलकं करा, असं लष्करातल्या लोकांचं म्हणणं होतं. बाईंनी नाटक बदललं नाही. आघाडीवरून आलेल्या पोरांनी ते मन लावून पाहिलं. प्रेक्षकांना कमी लेखायचं नाही, हा त्यांचा स्वभावच होता आणि मला त्यांचा मोठेपणा त्यातच दिसतो.

१९४८ मध्ये क्लिओपात्राच्या भूमिकेसाठी त्यांना अमेरिकी रंगभूमीचा मानाचा टोनी पुरस्कार मिळाला. १९६१ साली मॅक्लिंटिक गेले आणि बाईंनी रंगमंच सोडला. १९७४ मध्ये त्यांचं निधन झालं. पडद्यावर त्यांचा अभिनय जवळजवळ नाहीच; १९४३च्या एका चित्रपटात त्या ज्युलिएटच्या काही ओळी म्हणतात, तेवढंच.

आपल्या पुरवणीत त्यांच्यावर एक स्वतंत्र लेख यावा, ही मनापासून विनंती. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रयोगकला विभागात कॉर्नेल-मॅक्लिंटिक यांच्या नावाचं वाचनदालन आहे. लेखकाला तिथून सुरुवात करता येईल.

आपला,
एक नाट्यप्रेमी वाचक, कणकवली