डिसेंबरात येत नाहीये, पण आधी नीट ऐका

बाहिया तोर्तुगास, बाहा कॅलिफोर्निया सूर, मेक्सिको
लक्ष्मीपूजन

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

दादाला सगळं माहीत आहे. त्याने तुम्हाला सांगितलं नाही, कारण मला स्वतः लिहायचं होतं. मी डिसेंबरात येत नाहीये. काबो सान लुकासला शिडाच्या बोटीवरून उतरून विमान पकडायचं ठरलं होतं, ते बदललं. बोट तिथून पुढे ला पाझला जाईल आणि हिवाळाभर कोर्तेसच्या समुद्रात राहील. मीही बोटीबरोबर राहणार आहे. ऑफिसने मार्चपर्यंत बिनपगारी रजा दिली आहे. आई, नोकरी सोडलेली नाही, हे वाक्य पुन्हा वाच.

बाबा, तुमच्या डोळ्याच्या वेळी मी नसेन, हे मनातून जात नाही. दादा पंधरा दिवस येतोय, डॉक्टरांशी मी बोलले आहे, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की माणूस त्याच दिवशी घरी येतो. तरीही माझी जागा तिथे होती. मार्चमध्ये येईन ती महिनाभर राहीन. तोवर तुम्हाला माझ्या केसांतलं पांढरं स्पष्ट दिसायला लागलेलं असेल.

मी एकटी नाही, हे तर समजून घ्या. हा ताफा आहे, शंभरावर शिडाच्या बोटी. १९९४ साली सुरू झालेली ही सफर सान दिएगोहून ऑक्टोबरअखेरीस निघते, साडेसातशे मैल दक्षिणेला काबोपर्यंत जाते आणि वाटेत फक्त दोनदा थांबते. त्यातला हा पहिला थांबा. रोज सकाळी रेडिओवर हजेरी होते, प्रत्येक बोट कुठे आहे ते सांगते. मागून वायव्येचा वारा आणि डाव्या हाताला किनारा. बाबा, तुम्ही अभिलाष टॉमींच्या २०१८ च्या अपघाताचं नाव काढणार, मला माहीत आहे. ते एकटे होते, दक्षिण हिंदी महासागरात, ऐन वादळात. मी कुठे आणि ते कुठे. आणि आई, नौदलाच्या तारिणी बोटीवरच्या सहा जणींची कात्रणं तूच कापून ठेवलीस ना? त्या गोव्याहून निघून अख्खी पृथ्वी फिरून आल्या, तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी तर किनारा धरून चालले आहे.

वादळांचा हंगाम इथे नोव्हेंबरअखेर संपतो. तोवर हवामानाचा अंदाज रोज दोनदा बघतात, आणि नको वाटलं तर ताफा नांगरून बसतो.

आता इथलं सांगते. चहूकडे तपकिरी डोंगर, झाड असं नाहीच. मधे एक गाव, धुळीचे रस्ते, दुपारी सुटणारा वारा. विझकाइनोचं वाळवंट थेट पाण्यापर्यंत येऊन थांबलंय. समुद्राकाठी वाळवंट कसं, असं बाबा विचारतील. उत्तरेकडून थंड प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो, त्यावरची गार हवा वर चढतच नाही, म्हणून धुकं दाटतं पण पाऊस पडत नाही. रात्री तुझा राखाडी स्वेटर लागतो.

पण बाबा, तुम्ही इथे हवे होतात! मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत. ठरावीक किनारा ठरावीक संस्थेचा, शेवंड (लॉब्स्टर) त्यांनीच धरायची, हंगाम आणि आकार पाळायचा. २००४ साली इथल्या शेवंडीला आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. तुम्ही सहकार खात्यात ज्या सोसायट्यांसाठी रात्री जागलात, तशी एक नीट चाललेली पाहिली आणि तुमची फार आठवण आली. काल गावच्या मुलांबरोबर बेसबॉल झाला. एक चिमुरडी बॅट घेऊन धावतच सुटली, टाकेचना.

जेवणाची काळजी करू नकोस. बोटीवर कुकर आहे, बोट कलली तरी शेगडी झुलून सपाट राहते, त्यामुळे वरण सांडत नाही. समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करायचं यंत्र आहे. तुझा चिवडा मी पुरवून खातेय, आलेपाक रात्रीच्या पाळीला. त्या पाळीला सुरक्षेचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय मी बाहेर पाऊल टाकत नाही. बोट ज्यांची आहे ते दोघे साठीच्या पुढचे आहेत, तिसरं माणूस लागतंच. हेही एक कारण. खरं कारण बाबांना माहीत आहे. हर्णैहून होडीने सुवर्णदुर्गला नेताना तुम्ही मला पुढे बसवायचात आणि मागून दोन्ही खांदे धरून ठेवायचात. आई काठावरून ओरडत असायची. मला तेव्हापासून हेच करायचं होतं. माईआत्याचं झालं, मग शिक्षण, मग तिकडचं घर. आता गुडघे धड आहेत तोवर करते, आई.

आता सूचना. पुढचा थांबा बाहिया सांता मारिया, अडीचशे मैलांवर, तिथे गाव नाही, मच्छीमारांच्या चार झोपड्या आहेत. दोन-तीन दिवस फोन लागणार नाही. घाबरायचं नाही, दादाच्या फोनवर नकाशात आमचा ठिपका हलताना दिसेल. बाबा, ऑपरेशननंतर वाकायचं नाही, बादली उचलायची नाही, थेंब वेळेवर. चष्म्याशिवाय पेपर वाचायला बसू नका. आई, बीपीची गोळी रात्री नाही, सकाळी. संगीताला दोन्ही वेळ बोलाव, पैसे मी पाठवलेत, वाचवू नकोस. गच्चीची पायरी ओली असते, पणत्या दादाच्या मित्राकडून लावून घ्या.

इथे सकाळचे सात म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात. काबोला पोचले की मी त्या वेळेला फोन करेन. रागावला असाल तर तेव्हा रागवा, पण फोन उचला.

तुमची,
मनू