'पित्त' म्हणून सोडून दिलेले दुखणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घरात नऊ वर्षे एकाच शब्दावर भागले. तो शब्द म्हणजे 'पित्त'. माझ्या थोरल्या बहिणीला, ताईला, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखे व्हायचे. दुपारी ती गळून जायची. 'पित्त वाढलंय गं, दुसरं काही नाही,' असे म्हणून आम्ल कमी करणारी गोळी घ्यायची आणि पुन्हा कामाला लागायची. आम्हीही तेच म्हणत राहिलो. दोन वर्षांपूर्वी एका पहाटे तिला रक्ताची उलटी झाली. रुग्णालयात दुर्बीण घातली तेव्हा कळले की रक्त अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांमधून येत होते आणि त्या शिरा फुगल्या होत्या यकृत निबर झाल्यामुळे. निदान झाले लिव्हर सिरॉसिसचे. ताईने आयुष्यात दारूचा थेंब घेतलेला नाही. तरीही वॉर्डातल्या प्रत्येकाने पहिला प्रश्न तोच विचारला. तिच्या डोळ्यांत तेव्हा आलेले पाणी मी विसरू शकत नाही.

ती घरी आल्यावर मी जुनी फाइल काढली आणि सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे पलंगावर मांडले. पहिल्या सोनोग्राफीच्या कागदावर, शेवटून दुसऱ्या ओळीत, 'ग्रेड १ फॅटी लिव्हर', म्हणजे यकृतात चरबी साठू लागली आहे, असे छापलेले होते. रक्ताच्या तपासण्यांत प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, आधी २ लाख ३० हजार, चार वर्षांनी १ लाख ६० हजार आणि शेवटच्या कागदावर १ लाख ५ हजार. यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारे एसजीपीटी मात्र तिन्ही वेळा मर्यादेत. त्या एका आकड्यावर सगळ्यांनी 'लिव्हर उत्तम' असा शिक्का मारला. यकृत कडक झाले की आतड्यांकडून त्याच्याकडे येणारे रक्त तुंबते, प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात, हे आम्हाला फार उशिरा समजले. वय, एसजीओटी (एसजीपीटीसारखीच आणखी एक तपासणी), एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढ्या चार आकड्यांवरून यकृत ताठरल्याचा अंदाज देणारा 'फिब-४' नावाचा निर्देशांक काढता येतो. त्यासाठी वेगळे रक्त द्यावे लागत नाही. तो जास्त आला तर फायब्रोस्कॅन करतात. त्यात बरगड्यांवर बाहेरून एक उपकरण टेकवून यकृत किती ताठरले आहे ते मोजतात, सुई लागत नाही. मधुमेह, वाढलेले वजन आणि फॅटी लिव्हर असलेल्या माणसासाठी एवढे केले असते तर ताईचा आजार कदाचित चार-पाच वर्षे आधी हाती लागला असता.

म्हणून हे पत्र. माझे भांडण 'पित्त' या शब्दाशी आहे. आयुर्वेदात त्याला स्वतःचा व्यापक अर्थ आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण रोजच्या बोलण्यात आपण छातीत जळजळले तरी पित्त म्हणतो, डोके दुखले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्तच. खरे म्हणजे घशाशी येते ते आंबट पाणी जठरातले आम्ल असते. पित्तरस तयार होतो यकृतात, साठतो पित्ताशयात आणि स्निग्ध पदार्थ पचवायला लहान आतड्यात उतरतो. दोन वेगळ्या अवयवांचे दोन वेगळे रस आपण एका शब्दात कालवले आहेत. एकदा 'पित्त' म्हटले की चौकशी तिथेच थांबते.

त्या शब्दाखाली काय काय दडलेले असू शकते ते मी या दोन वर्षांत डॉक्टरांना विचारून विचारून शिकले. सर्वात जास्त आढळते ती आम्ल वर येण्याची तक्रार. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडली की आडवे झाल्यावर आम्ल वर सरकते. वजन उतरवणे, जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर, उशाकडची बाजू उंच करणे आणि काही आठवडे औषध एवढ्याने बहुतेकांना आराम पडतो.

अल्सरची गोष्ट निराळी. काळजी आणि जागरणांमुळे जठरात व्रण होतात असे डॉक्टरही कित्येक वर्षे मानत होते. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनी जठरातला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचे द्रावण स्वतः प्यायले. काही दिवसांतच त्यांना उलट्या होऊ लागल्या आणि दुर्बिणीतून त्यांच्या जठराला आलेली सूज दिसली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. आज श्वासाच्या, शौचाच्या किंवा दुर्बिणीतून घेतलेल्या तुकड्याच्या तपासणीत हा जिवाणू सापडतो आणि साधारण १४ दिवसांच्या औषधांनी, त्यात प्रतिजैविके असतात, तो बहुतेकांच्या पोटातून जातो. एक गोष्ट कुणी आवर्जून सांगत नाही म्हणून लिहिते. आम्ल कमी करणारी गोळी चालू असताना ही तपासणी केली तर जिवाणू असूनही 'नाही' असे उत्तर येऊ शकते. ती गोळी डॉक्टरांना विचारून दोन आठवडे आधी थांबवावी लागते. अल्सरचे दुसरे मोठे कारण म्हणजे गुडघ्या-कंबरेसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या.

उजव्या बरगडीखाली दुखून कळ पाठीत किंवा उजव्या खांद्यात जात असेल, विशेषतः तेलकट जेवणानंतर, तर पित्ताशयातल्या खड्यांचा विचार करावा लागतो. साध्या सोनोग्राफीत ते दिसतात. त्रास न देणाऱ्या खड्यांसाठी सहसा शस्त्रक्रिया लागत नाही. त्रास देणाऱ्यांसाठी दुर्बिणीतून पित्ताशय काढतात. खडा नळीत उतरला तर कावीळ होते, स्वादुपिंडालाही सूज येते आणि ते जिवावर बेतू शकते. छातीच्या मध्यभागी दडपण, घाम, धाप आणि सोबत मळमळ असेल तर गोळी शोधत बसू नये, आधी हृदयाचा आलेख काढावा. हृदयविकाराचा झटका 'पित्त' समजून घरीच थांबलेली माणसे आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत आहेत.

'कावीळ' हाही असाच एक शब्द. कावीळ हे लक्षण आहे, आजार त्याच्या मागे असतो. रक्तातले बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य वाढले की डोळे पिवळे दिसतात. ते तांबड्या पेशी जास्त फुटल्याने वाढते, यकृताला सूज आल्याने वाढते किंवा पित्ताची वाट अडल्याने वाढते. तिघांचे उपचार अगदी वेगळे. शौच पांढरट, लघवी गडद आणि अंगाला खाज असेल तर वाट अडल्याची शंका धरतात. हिपॅटायटिस म्हणजे यकृताची सूज, ती आणणाऱ्या विषाणूंना ए, बी, सी, ई अशी नावे आहेत. दूषित पाण्यातून आणि अन्नातून येणारा हिपॅटायटिस ए किंवा ई बहुधा आपोआप बरा होतो. त्यामुळे त्या काळात घेतलेल्या कुठल्याही पुडीला श्रेय मिळते. पण हाच ई गर्भवतीला घातक ठरू शकतो. बी आणि सी रक्तातून पसरतात, बी आईकडून बाळाकडेही जातो. बी साठी लस आहे आणि तिचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत द्यायचा असतो, कारण जन्माच्या वेळी लागण झालेल्या १० पैकी जवळजवळ ९ बाळांत हा विषाणू कायमचा ठाण मांडतो. सी साठी लस नाही, परंतु ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो १०० पैकी ९५ हून अधिक रुग्णांत पूर्ण बरा होतो. एवढी चांगली बातमी किती घरांपर्यंत पोचली आहे?

शौचावाटे रक्त गेले की 'मूळव्याध' हा तसाच तयार शब्द. पुष्कळदा तो खराही असतो. पण पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच असे झाले, वजन घटले किंवा हिमोग्लोबिन उतरले, तर कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, टाळू नये. मोठ्या आतड्यातला कोंब कर्करोग होण्याआधीच तिथल्या तिथे काढता येतो.

पुन्हा ताईकडे येते. गेल्या वर्षी तिची झोप उलटी झाली. दिवसा पेंगायची आणि रात्री टक्क जागी असायची. मग एकदा बँकेतून तिचा धनादेश परत आला, सही जुळत नाही म्हणून. चाळीस वर्षे एका वळणाची तिची सही कागदावर खाली घसरत गेली होती आणि शेवटची दोन अक्षरे एकमेकांवर चढली होती. डॉक्टरांनी तिला दोन्ही हात पुढे करून पंजे वर उचलून धरायला सांगितले. पंजे राहून राहून खाली पडत होते, पाखराने पंख मिटावेत तसे. यकृत थकले की आतड्यातून येणारा अमोनिया साफ होत नाही आणि मेंदूवर परिणाम होतो. त्या आठवड्यात तिला बद्धकोष्ठ होते, तेवढे निमित्त पुरले. लॅक्टुलोजच्या औषधाने रोज दोन-तीनदा पोट साफ होऊ लागले आणि चार दिवसांत ताई पहिल्यासारखी बोलू लागली. आता आमच्या घरी एका वहीत ती रोज रात्री सही करते. ओळ वाकडी झाली की आम्ही डॉक्टरांना कळवतो.

संपादक महोदय, वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांत आणि मोबाइलवर 'सात दिवसांत यकृत शुद्ध करा' अशा मजकुराला किती जागा मिळते ते आपण पाहताच. यकृत स्वतःच शरीराची सफाई करते. त्याला काढे नकोत. 'नैसर्गिक' म्हणून घेतलेल्या काही वनस्पतींनी यकृत निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. साधे पॅरासिटामॉलही प्रौढाने दिवसाला ४ ग्रॅमच्या वर घ्यायचे नसते. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या गोळ्यांत ते मिसळलेले असते, म्हणून बेरीज चुकते. उलट, फॅटी लिव्हर असलेल्याने वजन १० टक्क्यांनी उतरवले तर यकृताची सूज, कधी कधी ताठरपणाही कमी होतो. हा उपाय कुणी विकत नाही, त्यामुळे त्याची जाहिरातही होत नाही.

माझी विनंती आहे की आपल्या आरोग्याच्या पानावर महिन्यातून एकदा तरी एक चौकट छापावी. गिळताना अडकणे, न ठरवता घटणारे वजन, काळी डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, पिवळे डोळे, पोटात पाणी साठणे, सतत उतरणारे हिमोग्लोबिन. यातले एकही असेल तर गोळी घेऊन गप्प बसू नका, पोटविकारतज्ज्ञांना दाखवा, एवढेच त्यात असावे. आणि जमल्यास त्याखाली जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून ठेवायला सांगावे.

ताईच्या अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा आवळून बंद करण्यासाठी त्यांना तीनदा बँड लावून झाले. यकृताच्या कर्करोगावर लक्ष ठेवण्यासाठी दर सहा महिन्यांनी तिची सोनोग्राफी होते, पुढची येत्या महिन्यात आहे. आता रक्ताचा रिपोर्ट आला की ती चष्मा लावून आधी प्लेटलेटच्या ओळीवर बोट ठेवते, मग मला फोन करून आकडा सांगते.

आपली,
एक नियमित वाचक